साडीतील मरिया

पर्वरी येथील झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या येशूसंघीय संस्थेच्या लहानशा दालनात आंजेलो द फोन्सेका यांची चित्रे मांडली गेली, तेव्हा ती खऱ्या अर्थाने घरी परतली. १९०२ साली गोव्यात सांतइस्तेव येथे जन्मलेल्या फोन्सेकांनी वैद्यकीचे शिक्षण सोडून बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोरांकडे कलेचे धडे घेतले. परतल्यावर त्यांनी पवित्र मरियेला साडी नेसवली, सावळा वर्ण दिला. पोर्तुगीज अमलाखालील गोव्याला ते रुचले नाही. आक्षेप घेणारे कोणी परके नव्हते, आपलेच होते. आसरा दिला तो पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने, आणि हा आश्रम अँग्लिकन बांधवांनी स्थापन केलेला!

१९६७ साली पुण्यातच त्यांनी देह ठेवला. चित्रे जपली ती पत्नी आयव्ही यांनी. मरियेच्या कित्येक चित्रांसाठी त्याच समोर बसल्या होत्या. पुढे त्यांनीच हा ठेवा पर्वरीच्या संस्थेच्या स्वाधीन केला.

दालनाचे उपकार मानावेतच. तरी मनात येते, प्रार्थनेसाठी काढलेली ही चित्रे आपण अभ्यासाच्या वास्तूत नेऊन ठेवली. माझ्या मंदिरात अजूनही निळ्या डोळ्यांची, प्लास्टरची मरियाच उभी आहे.