भुईतली गावे आणि खडकातली प्रार्थनामंदिरे



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर इतिहासावर बोलायला विद्वान माणसे येत असतात. मी विद्वान नव्हे. दगडखाणीतल्या आणि कारखान्यांतल्या कामगारांच्या संघटनेत माझी तीस वर्षे गेली, आणि जे काही वाचले ते संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयात बसून वाचले. तेव्हा आजचा विषय मी राजाच्या बाजूने न मांडता, हातात टाकी धरणाऱ्याच्या बाजूने मांडणार आहे.

विषय आहे तुर्कस्तानातील कॅपाडोशिया या मुलखाचा. तिथे डोंगर पोखरून केलेली शेकडो प्रार्थनामंदिरे आहेत आणि जमिनीच्या पोटात मजल्याखाली मजले खोदून वसवलेली गावे आहेत. एका प्रवासी मंडळीबरोबर, वाटाड्याच्या मागोमाग, मी दोन दिवस हा मुलूख पाहिला. दोन दिवसांत देश कळत नाही; परंतु कोणता प्रश्न विचारावा एवढे कळते. माझा प्रश्न साधा होता. हे कोणी खोदले, कशासाठी खोदले, आणि ती माणसे गेली कुठे?

दगडाची जात

आधी दगड समजून घेऊ, कारण दगड समजला की निम्मा इतिहास समजतो. अनातोलियाच्या मध्यभागी हे पठार आहे. त्याच्या कडेला एर्जियस नावाचा ३,९१७ मीटर उंचीचा डोंगर आहे. तो ज्वालामुखी. त्याने आणि त्याच्या भाईबंदांनी लाखो वर्षांपूर्वी राखेचे थरांवर थर टाकले. ती राख दाबली जाऊन तिचा मऊ, पिवळसर, हलका दगड झाला. वर कुठे कुठे लाव्हारसाचा कठीण थर बसला. पावसाने आणि वाऱ्याने मऊ दगड झिजला, कठीण दगडाखालचा तेवढा वाचला. म्हणून डोक्यावर टोपी घातलेल्या सुळक्यांची रानेच्या राने तिथे उभी आहेत.

आपल्याकडच्या कार्ल्याचा किंवा वेरूळचा पाषाण ज्याने टाकीने फोडून पाहिला आहे, त्याला हा दगड लोण्यासारखा वाटेल. ताजा असताना तो कुदळीने निघतो आणि हवा लागली की वरून टणक होत जातो. त्या पठारावर इमारती लाकूड कमी, हिवाळा कडक आणि उन्हाळा तापट. अशा ठिकाणी भिंत बांधण्यापेक्षा खोली कोरणे स्वस्त पडते. खडकातल्या घरात उन्हाळ्यात गारवा असतो, थंडीत ऊब असते. आजही त्या भागातल्या कोरीव कोठारांत बटाटे आणि दक्षिण किनाऱ्यावरून आणलेली लिंबे साठवून ठेवतात. म्हणजे माणसे प्रथम खडकात शिरली ती कोणाच्या भीतीने शिरली असे धरण्याचे कारण नाही. शेतकऱ्याने आपल्या सोयीचे घर केले, एवढाच त्याचा अर्थ.

प्रार्थनामंदिरे

वाटाड्याने आम्हांला सांगितले की, रोमन बादशहांच्या छळाला भिऊन ख्रिस्ती लोक इथे लपले आणि त्यांनी ही मंदिरे कोरली. ऐकायला ही कथा चांगली आहे, पण कालगणनेत बसत नाही. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली ती ३१३ साली. गोरेमेच्या दरीत चित्रांनी भरलेली जी मंदिरे आज आपण पाहतो, ती बहुतेक नवव्या ते अकराव्या शतकांतली. त्या वेळी हा मुलूख कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती बादशहाच्या राज्यात होता. तेव्हा ही मंदिरे चोरून केलेली नव्हेत; राजमान्य धर्माची, पैसा खर्चून, चितारी बोलावून केलेली आहेत.

त्याच्याही आधी, चौथ्या शतकात, याच प्रांताच्या राजधानीत, म्हणजे आजच्या कायसेरीत, बेसिल नावाचा धर्मगुरू होऊन गेला. त्याने शहराबाहेर गोरगरिबांसाठी आणि आजाऱ्यांसाठी मोठा आश्रम उभारला. मठातल्या माणसाने हाताने काम केले पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. गोरेमेच्या मठांत एक गोष्ट मला फार आवडली. तिथल्या भोजनगृहात लांबलचक मेज आणि दोन्ही बाजूंची बाके एकाच खडकातून कोरून काढली आहेत. चाळीस-पन्नास माणसे एका पंगतीला बसतील एवढी ती लांब आहेत. मेज हलवता येत नाही, बाक उचलून दुसरीकडे नेता येत नाही. एकत्र बसायचे ते बसायचेच!

तोकाली हे त्यांतले सर्वांत मोठे मंदिर. त्याचा जुना भाग दहाव्या शतकाच्या आरंभीचा आणि नवा भाग त्याच शतकातला, थोडा मागाहूनचा. नव्या भागातली निळाई पाहून डोळे निवतात. तो निळा रंग लाजवर्द दगडाचा. हा दगड अफगाणिस्तानातल्या बदक्शानच्या खाणींतून येत असे. विचार करा, अनातोलियाच्या एका आडदरीतल्या भिंतीवर बदक्शानच्या खाणकामगाराचा घाम लागलेला आहे. कारान्लिक, म्हणजे ‘अंधारे मंदिर’, अकराव्या शतकातले. आत उजेड कमी शिरतो, म्हणून तिथले रंग टिकले. पुढे ते पारव्यांचे खुराडे झाले, ते १९५० च्या दशकापर्यंत. पारव्याची विष्ठा द्राक्षमळ्यांना उत्तम खत. भिंतीवरची ती खरड काढून चित्रे मोकळी करायला कारागिरांना वर्षानुवर्षे खपावे लागले.

या मंदिरांत खांब आहेत, कमानी आहेत, घुमट आहेत. बांधीव इमारतीत खांब वरचा भार पेलतो. इथे तो काहीच पेलत नाही, कारण वरचे छत म्हणजे डोंगरच. काही ठिकाणी खांब मोडून गळून पडले आहेत आणि कमान मात्र अधांतरी जशीच्या तशी आहे. आपल्या कार्ल्याच्या चैत्यातल्या लाकडी कमानी छताला टेकू देत नाहीत, तशातलाच हा प्रकार. दोन्हीकडच्या कारागिरांना डोळ्यांसमोर बांधीव इमारत हवी होती, आणि दोघांनीही ती दगडात उतरवली. बांधकामात चूक झाली तर वीट काढून पुन्हा बसवता येते. कोरीव कामात उडालेला टवका परत बसत नाही. ज्याने हे काम केले त्याला कोणी अडाणी म्हणू नये.

पण त्याचे नाव कुठे आहे? पैसे देणाराचे नाव भिंतीवर आहे, त्याचे चित्रही संतांच्या पायाशी आहे. खोदणाराचे नाव शोधून सापडत नाही. कार्ल्याला धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव लेखात आले आहे, म्हणून मला त्या लेण्याचा विशेष अभिमान वाटतो. कॅपाडोशियातल्या पाथरवटांची सही म्हणजे भिंतीवरचे टाकीचे घाव. वाटाड्याने चित्रांवर विजेरी धरली होती. मी ती अधूनमधून कोपऱ्यांकडे वळवायला सांगत होतो.

भुईतली गावे

दुसऱ्या दिवशी आम्ही डेरिंकुयूला उतरलो. या नावाचा अर्थच ‘खोल विहीर’. सुमारे ८५ मीटर खोलीपर्यंत हे खोदकाम गेलेले आहे, आणि त्यातले आठ मजले पाहता येतात. वरच्या मजल्यावर गोठे, कारण जनावर खाली नेणे कठीण. मग धान्याची कोठारे, चुली, द्राक्षे तुडवण्याचे हौद, राहण्याच्या खोल्या. आणि खाली क्रुसाच्या आकाराचे एक प्रार्थनामंदिर. वाटा इतक्या अरुंद की माणसाने वाकून, एकामागून एक चालावे. मोक्याच्या जागी गोल दगडी दारे आहेत. जात्याची तळी उभी करून ठेवावी तशी ती दिसतात. वजन दोनशे ते पाचशे किलो. आतून दोन-तीन माणसांनी रेटली की घरंगळत येऊन वाट बंद करतात. बाहेरून ती उघडता येत नाहीत.

खाणीत ज्याने काम केले आहे तो खाली उतरताच पहिला प्रश्न हवेचा विचारतो. डेरिंकुयूला वाऱ्यासाठी पन्नासाहून अधिक उभी विवरे आहेत. त्यांतली काही थेट पाण्यापर्यंत जातात आणि विहिरीचेही काम देतात. सर्वांत खालच्या मजल्यावर उभे राहिले तरी गालाला वारा लागतो. ज्यांनी हे केले त्यांच्याजवळ नकाशे छापणारे खाते नव्हते, पंखे नव्हते, सुरुंगाची दारू नव्हती. जेवढी पोकळी दिसते तेवढा दगड माणसांनी टोपल्यांनी वर नेला आहे. वाटाड्या म्हणाला, इथे वीस हजार माणसे राहत. हा आकडा अंदाजाचा आहे, मोजणीचा नव्हे. वीस हजार माणसे असोत की दोन हजार. अंधारात, जनावरांसह, धूर कोंडू न देता आठवडे काढायचे तर पाण्याची पाळी, चुलीची पाळी आणि दाराशी पहाऱ्याची पाळी लावावीच लागते. हे हुकुमाने होत नाही; एकमेकांवर विश्वास असावा लागतो.

ही माणसे लपली कोणापासून? सातव्या शतकापासून पुढे सुमारे तीनशे वर्षे हा मुलूख अरबांचे राज्य आणि कॉन्स्टँटिनोपलचे राज्य यांच्या सरहद्दीवर होता. स्वाऱ्या येत, गुरे नेत, माणसे गुलाम करून नेत. त्या काळात तळघरे वाढली, खोल गेली. परंतु यावरून कोणी ‘इकडे ख्रिस्ती, तिकडे मुसलमान, आणि कायमचे हाडवैर’ असा इतिहास लिहील तर तो अर्धा इतिहास होईल. १०७१ च्या मांझिकर्टच्या लढाईनंतर हा मुलूख सेल्जुक तुर्कांकडे गेला. तरीही इथे नवी ख्रिस्ती मंदिरे रंगवली गेली. गुल्शेहिरजवळच्या एका मंदिरात १२१२ सालचा लेख आहे. इहलारा दरीत संत जॉर्जचे एक मंदिर १२८३ ते १२९५ या वर्षांत रंगवले गेले. त्यातल्या लेखात ख्रिस्ती बादशहा अँड्रॉनिकस आणि सेल्जुक सुलतान मसूद या दोघांचीही नावे आहेत. आणि दान देणारा बेसिल नावाचा ख्रिस्ती गृहस्थ चित्रात पागोटे घालून उभा आहे. धर्म एक, पोशाख दुसऱ्याचा, आणि मान दोघांचा! पुढची सहाशे वर्षे ग्रीक व तुर्क शेजारी याच खडकांत नांदले.

शेजार मोडण्याची भीती मधूनमधून डोके वर काढी, हेही सांगितले पाहिजे. १९०९ साली अदाना शहरी आर्मेनियन लोकांची कत्तल झाली. त्या वर्षी केंब्रिजचे डॉकिन्स नावाचे पंडित इथल्या ग्रीक बोलीचा अभ्यास करीत फिरत होते. त्यांनी नोंदवून ठेवले आहे की, ही बातमी येताच अक्सो गावची माणसे भुईतल्या खोल्यांत उतरली आणि कित्येक रात्री वर झोपायला आली नाहीत. अरबांच्या स्वाऱ्यांसाठी खोदलेली जागा, अकराशे वर्षांनी नातवंडांच्या नातवंडांना उपयोगी पडली.

मेजावरचा निकाल

मग ही माणसे गेली कुठे? तलवारीने जे रिकामे झाले नाही ते एका कागदाने झाले. पहिले महायुद्ध आणि त्यामागून आलेले ग्रीस-तुर्कस्तानचे युद्ध संपल्यावर, ३० जानेवारी १९२३ रोजी, स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरी दोन्ही सरकारांनी करार केला. तुर्कस्तानातल्या ग्रीक पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी ग्रीसला जायचे, ग्रीसमधल्या मुसलमानांनी तुर्कस्तानात यायचे. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळले. आधीच पळून गेलेले धरून सुमारे बारा लाख ख्रिस्ती आणि साडेतीन-चार लाख मुसलमान या करारात सापडले. ही अदलाबदल ऐच्छिक नव्हती, सक्तीची होती. आपल्या परिचयाचे लॉर्ड कर्झन त्या परिषदेत एक प्रमुख होते. ज्यांनी १९०५ साली बंगाल तोडला, त्यांनासुद्धा हा उपाय वाईट असून जगाला त्याची किंमत पुढे मोजावी लागेल, असे म्हणावे लागले. म्हटले, आणि करार झाला.

कोण कुठला हे धर्मावरून ठरवले, भाषेवरून नव्हे. कॅपाडोशियातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत तुर्की बोलत. ती ग्रीक अक्षरांत लिहीत. त्यांना ‘मायदेशी’ म्हणून अशा देशात पाठवले की जिथली भाषा त्यांना येत नव्हती. १९२४ साली ते गेले. जाताना संतांच्या अस्थी आणि मूर्तिचित्रे घेऊन गेले. गेल्वेरी, म्हणजे कार्वाली, इथल्या लोकांनी ग्रीसमध्ये कावालाजवळ ‘नवे कार्वाली’ वसवले. सिनासोसच्या रिकाम्या घरांत ग्रीसमधून आलेली, तितकीच रडत आलेली, मुसलमान कुटुंबे राहू लागली. त्या लोझानच्या मेजावर अक्सोचा एकही शेतकरी बसला नव्हता, ग्रीसमधला एकही मुसलमान तंबाखूवाला बसला नव्हता. ज्यांच्या पोटावर निर्णय व्हायचा ते खोलीबाहेर उभे, हे दृश्य आम्हां संघटनेतल्या माणसांना नवे नाही. आणि ज्यांनी १९४७ नंतरची कल्याणची निर्वासित छावणी पाहिली किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल, त्यांना तर मी अधिक सांगायला नको.

विसर आणि शोध

आता डेरिंकुयूची एक कथा सांगतो. १९६३ साली एका रहिवाशाने घराची दुरुस्ती करताना भिंत फोडली, तर मागे खोली निघाली, खोलीमागे वाट निघाली, आणि अशा रीतीने हजारो वर्षे हरवलेले शहर जगाला सापडले, असे वाटाडे सांगतात. १९६९ पासून लोकांना ते पाहायला खुले झाले. भिंत फुटली असेल. परंतु ‘हजारो वर्षे हरवलेले’ हे मी मानीत नाही. शेजारच्या गावचे लोक १९०९ साली अशाच तळघरांत झोपत होते, आणि ती गोष्ट १९१६ साली छापून प्रसिद्धही झाली होती. १९२४ ते १९६३ ही होतात एकोणचाळीस वर्षे. विसरायला हजार वर्षे लागली नाहीत. ज्यांना ठाऊक होते त्यांना गाडीत बसवून पाठवून दिले, एवढ्याने भागले.

त्यांच्या बोलीचेही तसेच झाले. कॅपाडोशियाची ग्रीक बोली मेली असे पंडितांनी धरले होते. २००५ साली ती बोलणारी माणसे ग्रीसमध्ये भेटली. ती घरात, आपसांत बोलत होती. कोणी विचारले नव्हते, म्हणून जगाला ठाऊक नव्हते.

गोरेमेचा हा सारा परिसर १९८५ साली जागतिक वारसा म्हणून घोषित झाला. दगडाला संरक्षण मिळाले ही चांगली गोष्ट आहे. पण झेल्वेच्या दरीत मला जे दिसले ते सांगून मी आपली रजा घेतो. तिथे एकाच दरीत, थोड्याथोड्या अंतरावर, कोरलेली मंदिरे आहेत आणि मशीदही आहे. ख्रिस्ती लोक १९२४ साली गेले. मुसलमान गावकरी राहिले. पण कडे कोसळू लागल्यामुळे १९५२ साली त्यांनाही जवळच नवे गाव वसवून हलवले. त्यांना दगडाच्या भीतीने हलवले, आणि ते दगड दिसतील एवढ्या अंतरावर राहिले. आधीच्यांना माणसांच्या भीतीने समुद्रापार धाडले. दोन्ही रिकाम्या घरांत चुलीची काजळी सारखीच काळी आहे.

आपण लेणी पाहायला जाल, कार्ल्याला जा की कॅपाडोशियाला जा, तेव्हा कोणत्या राजाच्या काळात ही झाली हे वाटाड्याला जरूर विचारा. त्यानंतर आणखी दोन प्रश्न विचारायला विसरू नका. खोदली कोणी? आणि खोदणाऱ्यांची लेकरे आज कुठे आहेत?