इंग्लिश गुलाब, पिवळे

इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातील ऑलब्रायटन येथे डेव्हिड ऑस्टिन (१९२६–२०१८) यांनी संकराने निर्माण केलेल्या झुडुपी गुलाबांपैकी पिवळ्या, सुवासिक फुलांचे वाण. कुल रोझेसी, प्रजाती रोझा. जुन्या युरोपीय गुलाबांची भरगच्च पाकळ्यांची फुले, दाट सुवास व झुडपाचा सैल, डौलदार बांधा एकीकडे, आणि आधुनिक गुलाबांचे हंगामभर पुनःपुन्हा फुलणे व रंगांची विविधता दुसरीकडे; ही दोन्ही लक्षणे एका झाडात आणणे हा या संकरांमागचा हेतू होता. ‘इंग्लिश गुलाब’ हा वनस्पतिशास्त्रीय गट नव्हे. ऑस्टिन यांच्या रोपवाटिकेने हे नाव रूढ केले; वर्गीकरणात हे वाण सामान्यतः आधुनिक झुडुपी गुलाबांतच धरले जातात. त्यांना स्वतंत्र वर्गाचा दर्जा द्यावा की नाही, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत.

पिवळ्या रंगाचा पूर्वेतिहास : युरोपातील जुन्या बागांतले गॅलिका, दमास्क, आल्बा व सेंटिफोलिया हे गुलाब पांढरे, गुलाबी, किरमिजी किंवा जांभळट असत, पिवळा रंग त्यांच्यात नव्हता. तो दोन वाटांनी आला आणि दोन्ही वाटा आशियातून निघतात.

पहिली वाट इराणची. पश्चिम आशियातील रोझा फेटिडा या जातीची फुले गर्द पिवळी असतात, पण त्यांचा वास बहुतेकांना नकोसा वाटतो. तिचा ‘पर्शियन यलो’ हा भरगच्च फुलांचा प्रकार सर हेन्री विलॉक यांनी १८३७च्या सुमारास इंग्लंडला नेला. ल्यों येथील जोसेफ पेर्ने-द्युशे यांनी त्यावर अनेक वर्षे संकर केले आणि १९००मध्ये ‘सोलेय दॉर’ हा गुलाब बाजारात आणला. आजच्या गर्द पिवळ्या व नारिंगी गुलाबांतील बहुतेकांचा वंश इथे येऊन मिळतो. या रक्ताबरोबर काळ्या ठिपक्यांच्या रोगाला बळी पडण्याची प्रवृत्तीही पुढच्या पिढ्यांत उतरली.

दुसरी वाट चीनची. लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीसाठी जॉन डॅम्पर पार्क्स यांनी १८२४मध्ये चीनहून फिक्या पिवळ्या फुलांचा, चहाच्या पानांसारखा वास असलेला गुलाब नेला. त्यातून ‘टी’ गुलाबांचे पिवळे वाण वाढले. या वर्गाच्या पूर्वजांत रोझा जायगँटिया ही जाती प्रमुख मानली जाते. ती मणिपूर, म्यानमार व चीनचा युनान प्रांत या पट्ट्यात रानात वाढते. मणिपूरमध्ये तिची नोंद सर जॉर्ज वॉट यांनी १८८२मध्ये केली. पिवळ्या इंग्लिश गुलाबाच्या सुवासाचा एक धागा असा भारताच्या डोंगरांपर्यंत पोहोचतो, ही गोष्ट आपल्याकडील गुलाबप्रेमींनी आवर्जून लक्षात ठेवावी. टी-नॉइझेट वर्गातील ‘मारेशाल नील’ (१८६४) हा एकोणिसाव्या शतकातील सर्वांत नावाजलेला सुवासिक पिवळा गुलाब. परंतु इंग्लंडची थंडी त्याला मानवत नसल्याने तो काचघरात वाढवावा लागे. थोडक्यात, गर्द पिवळा रंग हवा तर रोग पत्करायचा आणि सुवास हवा तर काचघर बांधायचे, अशी इंग्रज बागकर्त्यांची अडचण होती.

ऑस्टिन यांचे कार्य : शेतकरी कुटुंबात जन्म. तरुणपणी एडवर्ड बन्यर्ड यांच्या जुन्या गुलाबांवरील पुस्तकाने त्यांना या विषयाची गोडी लागली. १९६१मध्ये त्यांचा पहिला गुलाब ‘कॉन्स्टन्स स्प्राय’ आला. ‘बेल इझिस’ हा गॅलिका आणि ‘डेंटी मेड’ हा फ्लोरिबंडा यांचा हा संकर. फुले गुलाबी, सुवास बोळाचा; पण बहर वर्षातून एकदाच. १९६९मध्ये त्यांनी स्वतःची रोपवाटिका सुरू केली. व्यापक कीर्ती मिळाली ती १९८३च्या चेल्सी पुष्पप्रदर्शनापासून. त्यांनी दोनशेहून अधिक वाण प्रसारित केले.

‘ग्रॅहम टॉमस’ : नोंदणी नाव ऑसमास, १९८३. पिवळ्या इंग्लिश गुलाबांत इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. याची वंशावळ निरनिराळ्या नोंदींत वेगवेगळ्या क्रमाने दिलेली आढळते. सर्व नोंदींत समान असलेली नावे दोन, ‘चार्ल्स ऑस्टिन’ (१९७३) व ‘आइसबर्ग’. तिसरे एक रोप निनावी आहे. ‘आइसबर्ग’ हा जर्मनीच्या कोर्डेस यांचा १९५८चा पांढरा फ्लोरिबंडा. अखंड फुलण्याचा गुण त्याच्याकडून आला असावा. जर्दाळू रंगाचा ‘चार्ल्स ऑस्टिन’ हा ‘चॉसर’ व ‘अलोहा’ यांचा संकर. ‘चॉसर’मार्फत ‘कॉन्स्टन्स स्प्राय’चा वारसा येतो, तर ‘अलोहा’ (१९४९) हा अमेरिकेत वनस्पती-पेटंट क्रमांक १ मिळालेल्या ‘न्यू डॉन’ या वेलगुलाबाचा वंशज. ‘अलोहा’चे महत्त्व बागकामाच्या पुस्तकांत फारसे सांगितले जात नाही, पण वंशावळी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की ते स्पष्ट होते : ‘ग्रॅहम टॉमस’ आणि ‘गोल्डन सेलिब्रेशन’ या दोन्ही प्रमुख वाणांत तो आहे, आणि दुसऱ्यात तर आईबाप दोघांकडूनही. झाडाचा जोम, जाड चकचकीत पाने व फळासारखा सुवास यांचे श्रेय त्याला देणे वावगे ठरू नये.

ज्यांचे नाव या वाणाला दिले ते ग्रॅहम स्टुअर्ट टॉमस (१९०९–२००३) हे जुन्या गुलाबांचे थोर अभ्यासक व नॅशनल ट्रस्टचे उद्यान-सल्लागार होते. विस्मरणात चाललेले अनेक जुने वाण त्यांनी जमवले; तो संग्रह हॅम्पशरमधील मॉटिस्फाँट येथील तटबंद बागेत जपला आहे. आपल्या नावासाठी हे रोप त्यांनी स्वतःच निवडले, असे सांगितले जाते. फुले मध्यम आकाराची, पेल्यासारखी गोल, निर्भेळ गर्द पिवळी. जुन्या ठेवणीच्या फुलात हा रंग त्यापूर्वी जवळजवळ दिसलाच नव्हता. जागतिक गुलाब संघांच्या महासंघाने २००९मध्ये या वाणाचा समावेश आपल्या मानाच्या यादीत केला. दोष एवढाच की फूल फुलदाणीत फार टिकत नाही, पाकळ्या लवकर गळतात.

सुवास : या नोंदीत सुवासाला इतर गुणांपेक्षा अधिक जागा दिली आहे, कारण पिवळ्या इंग्लिश गुलाबांचे खरे वेगळेपण तिथे आहे. गुलाबी व लाल गुलाबांत अत्तराच्या गुलाबाचा जो ओळखीचा वास असतो (त्यात फेनिलएथिल अल्कोहॉल, जिरॅनिऑल व सिट्रोनेलॉल यांचा वाटा मोठा), तो पिवळ्यांत क्वचितच प्रमुख असतो. त्यांचा मूळ सूर ‘टी’ वासाचा. हा वास मुख्यतः डायमिथॉक्सीटोल्युइन या संयुगामुळे येतो आणि ते चिनी वंशाच्या गुलाबांचे वैशिष्ट्य आहे. ताजा डबा उघडताच दरवळणाऱ्या कोऱ्या चहापत्तीशी त्याचे साम्य लगेच जाणवते.

दुसरा सूर फळांचा. पाकळीला पिवळा रंग कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे येतो, आणि ही द्रव्ये विघटित होताना आयोनोन व डॅमॅसेनोन यांसारखी सुगंधी संयुगे तयार होतात. आयोनोनाचा वास व्हायोलेटच्या फुलांसारखा. ‘ग्रॅहम टॉमस’च्या वासात तो सांगितला जातो. म्हणजे इथे रंग आणि गंध यांचे नाते निव्वळ योगायोगाचे नाही : जे द्रव्य डोळ्यांना पिवळे दिसते तेच मोडून नाकाला कळते. तिसरा सूर बोळाचा. हा बडीशेपेकडे झुकणारा वास ‘कॉन्स्टन्स स्प्राय’पासून या घराण्यात उतरला. सुगंधतज्ज्ञ रॉबर्ट कॅल्किन यांनी इंग्लिश गुलाबांच्या वासांचा बारकाईने अभ्यास केला होता. आज प्रचलित असलेली जुना गुलाब, टी, बोळ, कस्तुरी व फळ अशी पाच प्रकारांची विभागणी बागकर्त्याला पुरेशी आहे.

वास स्थिर नसतो, हे वर्णने वाचताना ध्यानात ठेवावे. ‘गोल्डन सेलिब्रेशन’चे फूल उमलते तेव्हा टी वासाचे असते, पुढे त्याला गोड पांढऱ्या वाइनचा व स्ट्रॉबेरीचा वास येतो. ‘चार्ल्स डार्विन’ हा गुलाब हवेनुसार कधी टी वासाचा, तर कधी थेट लिंबाचा. म्हणून सकाळी ऊन चढण्यापूर्वी, वारा पडलेला असताना आणि अर्धवट उमललेल्या फुलाचाच वास घ्यावा. एकदा वास घेऊन वाण नापसंत करणे हा त्या वाणावर अन्याय आहे.

अन्य वाण : ‘गोल्डन सेलिब्रेशन’ (ऑसगोल्ड, १९९२) हा ‘चार्ल्स ऑस्टिन’ व ‘अब्राहम डार्बी’ (हाही ‘अलोहा’चा वंशज) यांचा संकर, या गटातील सर्वांत मोठ्या फुलांपैकी एक, तांबूस छटेचा सोनेरी रंग, फुलांच्या भाराने कमानीसारख्या वाकणाऱ्या फांद्या. ‘द पिलग्रिम’ (१९९१) मध्यभागी फिका पिवळा व कडेला जवळजवळ पांढरा, टी व बोळ यांचा समतोल वास. ‘मोलिन्यू’ (१९९४) लहान, ताठ झुडूप, वाफ्यासाठी उत्तम. वुल्वरहॅम्प्टनच्या फुटबॉल संघाच्या मैदानावरून त्याचे नाव ठेवले असून त्या संघाचा रंगही सोनेरी आहे. ‘टीझिंग जॉर्जिया’ (१९९८) भिंतीवर वेलासारखा चढवता येतो. सुवासासाठी २०००मध्ये त्याला हेन्री एडलंड पदक मिळाले. ‘जूड द ऑब्स्क्युअर’ (१९९५) जर्दाळू-पिवळा. त्याचा वास पिकलेल्या पेरूचा सांगतात, तेव्हा मराठी वाचकाला अधिक वर्णनाची गरज नाही. पावसात मात्र त्याच्या कळ्या न उमलता कुजतात. ‘द पोएट्स वाइफ’ (२०१४) ठेंगणा, गर्द पिवळा, वासात लिंबाची छटा असलेला. ‘शार्लट’, ‘क्रोकस रोझ’ व ‘व्हनेसा बेल’ फिक्या रंगाचे.

लागवड : इंग्लंडमध्ये पानझडीनंतर, नोव्हेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, उघड्या मुळांची रोपे लावतात. तेथे डोळा बहुधा ‘लॅक्सा’ या खुंटावर भरलेला असतो, अमेरिकेत ‘डॉ. ह्यूई’ व जपानमध्ये रोझा मल्टिफ्लोरा हे खुंट प्रचलित आहेत. थंड प्रदेशात कलमाचा जोड मातीखाली सुमारे ५ सेंमी. जाईल इतके खोल लावण्याची प्रथा आहे. दिवसातून किमान चार-पाच तास ऊन, चिकण असली तरी निचऱ्याची जमीन, भरपूर कुजलेले खत व उन्हाळ्यात खोलवर पाणी या मुख्य गरजा. ज्या जागी आधी गुलाब होता तिथे नवे रोप जोम धरत नाही. तिथली माती बदलावी. छाटणी हिवाळ्याच्या अखेरीस. हायब्रिड टी गुलाबांप्रमाणे बुंध्यापर्यंत न छाटता झाडाची उंची एक-तृतीयांश ते निम्म्याने कमी करतात, म्हणजे झुडपाचा बांधा टिकतो. सुकलेली फुले काढत राहिल्यास जूनपासून थंडी पडेपर्यंत बहर येत राहतो. एकाच वाणाची तीन झाडे जवळ लावण्याची शिफारस नेहमी केली जाते. जागा असेल तर ती पाळावी, कारण एकट्या झाडाचा सैलपणा जोडीने झाकला जातो. खाली झुकणाऱ्या फुलांचे वाण पायवाटेलगत किंवा उंच वाफ्यात लावल्यास फुलाचा चेहरा दिसतो.

रोग व कीड : काळे ठिपके (डिप्लोकार्पॉन रोझी ही बुरशी), भुरी, तांबेरा, मावा, फुलकिडे. पाने रात्रभर ओली राहू न देणे हा पहिला उपाय.

महाराष्ट्रात : उष्ण हवेत हे वाण इंग्लंडपेक्षा बरेच उंच वाढतात. तेथे सव्वा ते दीड मीटरचे राहणारे ‘ग्रॅहम टॉमस’ गरम प्रदेशात तीन मीटरपर्यंत जाते, तेव्हा त्याला कमान किंवा भिंत द्यावी आणि लांब फांद्या आडव्या बांधाव्यात; त्यांवर बगलफुटी येऊन फुले वाढतात. आपल्याकडे मुख्य छाटणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात करतात व चांगली फुले थंडीत मिळतात. उन्हाळ्यात फूल लहान राहते, एका दिवसात उमलून फिके पडते आणि वासही लवकर उडतो; पावसाळ्यात काळ्या ठिपक्यांनी पाने गळतात. त्यामुळे पुणे, नाशिक यांसारख्या कोरड्या, थंडीच्या ठिकाणी यांना जास्त वाव आहे, कोकणपट्टीत कमी. उष्ण प्रदेशाला मानवतील असे गुलाब जायगँटियापासून निर्माण करण्याचे काम कोडाईकनालचे एम. एस. वीरराघवन यांनी केले आहे. आपल्या हवामानासाठी ती दिशा अधिक आशादायक आहे.

निवड : रोप घेताना व्यापारी नावावर विसंबू नये, नोंदणी नाव पडताळून घ्यावे, ‘ग्रॅहम टॉमस’ काही ठिकाणी ‘इंग्लिश यलो’ या नावानेही विकला गेला आहे. कुंडीसाठी ‘मोलिन्यू’, कमानीसाठी ‘ग्रॅहम टॉमस’ किंवा ‘टीझिंग जॉर्जिया’ घ्यावा. एकाच झाडापुरती जागा असेल आणि ते केवळ सुवासासाठी लावायचे असेल, तर ‘गोल्डन सेलिब्रेशन’ निवडावा.