धांवत्या गाडींतील तबकडी

प्रवासाला निघालेल्या माणसाला सोबत हवी असते, आणि बोलका सोबती मिळाला नाहीं तर तो गाण्याची सोबत शोधतो. मोटारगाडींत रेडिओ बसवून विकण्याचा व्यापार अमेरिकेंत १९३० च्या सुमारास सुरूं झाला. पण रेडिओवर काय लागावें हें ऐकणाराच्या हातीं नसतें. आपल्या आवडीचें गाणें आपल्या मर्जीनें, वाट चालतां चालतां ऐकावें, ही हौस दिसावयास साधी. ती पुरी करण्यासाठीं मात्र मोठमोठ्या इंजिनिअरांना कित्येक वर्षें डोकें शिणवावें लागलें. त्यांचें वैर होतें तें एकाच गोष्टीशीं, आणि ती म्हणजे रस्त्याचा हिसका.

हा हिसका एवढा जाचक कां व्हावा, हें समजण्यासाठीं जुन्या फोनोची आठवण करावी लागते. एमिल बर्लिनर यानें १८८७ सालीं ग्रामोफोनचें पेटंट घेतलें, आणि पुढें सपाट तबकडी सर्वत्र रूढ झाली. ती पुढें अनेक वर्षें लाखेच्या मिश्रणाची होत असे, व ही लाख फार मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानांतील पळस, बोर, कुसुंब या झाडांवरूनच जगभर जाई. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान हिचें गाणें मुद्रित झालें तें अशाच तबकडीवर. मिनिटाला ७८ च्या आसपास फेरे, आणि एका बाजूस तीनचार मिनिटांचें गाणें. ध्वनि सांठविलेला असे तो एका बारीक चरींत, आणि ती चर चांचपीत जाणारी पोलादी पिन तो पुन्हां जागा करी. दिवाणखान्यांत मुलांनीं धांगडधिंगा केला तरी ही पिन उडून चीज बिघडे. मग धांवत्या गाडीची कथा काय?

तरी एका गृहस्थानें तो प्रयत्न केलाच. पीटर गोल्डमार्क हा मूळचा बुडापेस्टचा, अमेरिकेंत सी. बी. एस. कंपनीच्या प्रयोगशाळेचा तो प्रमुख होता, आणि १९४८ सालीं बाजारांत आलेल्या दीर्घकाळ वाजणाऱ्या तबकडीच्या घडणींत त्याचा मोठा वांटा होता. त्याच्या योजनेवरून क्रायस्लर कंपनीनें १९५६ सालच्या आपल्या गाड्यांत 'हायवे हाय-फाय' नांवाचें यंत्र हौशी गिऱ्हाइकांना देऊं केलें. डॅशबोर्डाखालीं बसविलेल्या या यंत्रांत सात इंचांची तबकडी मिनिटाला अवघे १६⅔ फेरे घेई. चरी इतक्या बारीक, कीं एका बाजूवर पाऊण तासाचें संगीत मावे. पिन बसविलेल्या दांडीचा तोल असा साधलेला होता कीं गाडीच्या हेलकाव्यानें ती जागची हलूं नये. कल्पना विलक्षण होती यांत शंका नाहीं. पण या तबकड्या एकाच कंपनीकडे मिळत, आणि घरच्या साध्या फोनोवर त्या वाजत नसत. तसेंच घरचा संग्रह गाडींत उपयोगीं पडत नसे. एकच गाणें ऐकण्यासाठीं घराला एक तबकडी आणि गाडीला दुसरी, हा व्यवहार कोणत्या शहाण्या गृहस्थाला पटावा? शिवाय यंत्रांच्या दुरुस्तीच्या तक्रारीहि वाढल्या. थोड्याच वर्षांत हा प्रयोग आटोपला.

१९६० सालीं आर. सी. ए. कंपनीनें ही चूक टाळली. घरांत वाजणाऱ्या ४५ फेऱ्यांच्या तबकड्याच गाडींत वाजाव्या, आणि एका वेळीं १४ तबकड्यांची चवड लावतां यावी, असें तिचें यंत्र होतें. तथापि मूळ अडचण कायमच राहिली. पिनेचा दाब हलका ठेवावा तर ती उडते, वाढवावा तर तबकडी खरवडून निघते. या पेंचांतून वाट निघाली नाहीं, आणि १९६३ नंतर कॅसेट व त्या जातीच्या इतर फितींनीं गाडींतली जागा पटकावली. फितीला हिसक्याचें भय थोडें. तिच्या गुंतवळ्यांची गोष्ट निराळी.

चमत्कार असा कीं, गाडींतल्या तबकडीचा खरा उद्धार ज्यांनीं केला, त्यांच्या मनांत गाडी नव्हतीच. त्याच १९६० सालीं अर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघां गणितज्ञांनीं एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. संख्यांच्या रूपानें धाडलेल्या संदेशांतील कांहीं आंकडे वाटेंत बिघडले, तरी उरलेल्यांवरून मूळचे शोधून कसे काढावे, याचें गणित त्यांत मांडलें होतें. हॉलंडांतील फिलिप्स कंपनीनें १९७९ सालीं आपली प्रकाशानें वाचावयाची तबकडी जगाला दाखविली. मग जपानी सोनी कंपनीशीं तिनें सहकार्य केलें, आणि त्यांतून १९८२ सालीं कॉम्पॅक्ट डिस्क, म्हणजे सर्वांच्या तोंडीं रुळलेली सीडी, बाजारांत आली. तिच्यांत रीड-सॉलोमनचें गणित गोंवलेलें आहे. एखाद्या पोथींतील प्रत्येक ओवीचीं अक्षरें निरनिराळ्या पानांवर विखरून लिहिलीं, तर एक पान कसरीनें खाल्लें तरी कोणतीहि ओवी सबंध बुडत नाहीं. एकेक अक्षर तेवढें जातें, आणि जाणता वाचक तें भरून काढतो. सीडीवर हेंच घडतें. तिच्या सर्पिल रेघेंतील सुमारें अडीच मिलिमीटरांचा सलग तुकडा नाहींसा झाला, तरी यंत्र गाणें जसेंच्या तसें उभें करूं शकतें. बारा सेंटिमीटरांच्या या चकतीवर ती रेघ पांच किलोमीटरांहून अधिक लांब असते, हेंहि ध्यानांत घ्यावें.

येथें पिन नाहीं, म्हणून झीज नाहीं. लेसर किरण खालून येतो आणि आंतल्या चकचकीत थरावरून परततो. १९८४ सालीं पायोनिअर व सोनी यांचीं गाडीसाठींचीं सीडी-यंत्रें निघालीं. हिसका बसला कीं भिंग रेघ सोडी, हें खरेंच. पण पुढें यंत्रांत स्मृति बसविण्यांत आली. कांहीं सेकंदांचें गाणें आगाऊ वाचून ठेवावें, आणि भिंग आपली जागा शोधीत असतां तें वाजवावें, अशी ती युक्ति. ज्या हिसक्यानें गोल्डमार्कला जेरीस आणलें, त्याला अखेर असें चुकविलें गेलें.

हिसका गेला, पण ऊन राहिलें, आणि मनुष्याचा हात राहिला. सीडी पुसतांना बहुतेक लोक फोनोच्या तबकडीच्या संवयीनें गोल गोल पुसतात. सीडीला हें फार बाधतें. गोल उठलेला ओरखडा रेघेच्याच दिशेनें जातो आणि सलग मजकूर गिळतो. मध्यापासून कडेकडे गेलेला ओरखडा रेघेला आडवा छेदतो, आणि तेवढी हानि गणित सोसतें. म्हणून मऊ सुती कापडानें मध्यापासून कडेकडे पुसावें. थिनर, पेट्रोल असलें कांहीं लावूं नये. दुसरा गैरसमज याहून मोठा. चकचकीत बाजू जपावयाची आणि छापील बाजू टेबलावर घांसावयाची, ही पद्धत उलटी आहे. खालच्या बाजूस प्लास्टिकची जाडी एक मिलिमीटरहून अधिक असते. किरण तेथें शिरतांना सुमारें पाऊण मिलिमीटर रुंद असल्यामुळें धुळीचा कण त्याला अडवीत नाहीं. परंतु आंतला धातूचा थर छापील बाजूला अगदीं लागून असतो, आणि त्यावर लाकरचा एक पातळ लेप तेवढा असतो. बॉलपेननें त्या बाजूवर नांव लिहिणें म्हणजे गाण्यावरच कोरणें होय. चिकटवलेला कागदहि नको. तापलेल्या यंत्रांत तो सुटतो आणि तबकडी आंत अडकते.

उन्हांत बंद ठेवलेल्या गाडींत उष्णतामान ६० अंशांपलीकडे सहज जातें. विकत आणलेली सीडी त्यांत वांकण्याचा संभव असतो. पण घरीं संगणकावर भरलेली सीडी त्याहून नाजूक. तिच्यांत ठसे दाबलेले नसतात, रंगद्रव्यावर लेसरनें खुणा उमटविलेल्या असतात, आणि तें रंगद्रव्य उन्हानें विटतें. गेल्या वीसपंचवीस वर्षांत कित्येक घरांनीं आजोबांचें पठण, मुलीच्या लग्नांतील मंगलाष्टकें, एखाद्या घरगुती बैठकीचें गाणें अशाच चकत्यांवर उतरविलें आणि मुंबई-पुण्याच्या वाटेवर ऐकण्यासाठीं गाडीच्या खणांत ठेवलें. आतां नव्या गाड्यांत बहुधा सीडीची फट नसते. जुनी गाडी विकली जाते, खण रिकामा होतो, आणि त्या चकत्या शेतांत पांखरें भिवविण्यासाठीं तारेला टांगलेल्या दिसतात.

ज्या घरीं त्या अजून आहेत, त्यांनीं बाहेरून जोडावयाच्या सीडी-वाचकानें त्या संगणकावर उतरवून घ्याव्या आणि दोन ठिकाणीं जपाव्या. तपासतांना शेवटचीं गाणीं आधीं ऐकावीं. सीडी मध्यापासून भरत जाते, आणि बिघडूं लागते ती बहुधा कडेकडून.