टर्म भरणे आणि वर्षावास : वऱ्हाडातील पदवीच्या नियमांविषयी

अमरावती किंवा अकोल्याच्या कोणत्याही महाविद्यालयात निकालाच्या दिवशी 'ए.टी.के.टी.' ही चार अक्षरे कानी पडतात. काही विषय राहूनही विद्यार्थ्याला पुढच्या वर्गात बसता येते, एवढाच त्यांचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो. मूळ शब्द 'अलाउड टु कीप टर्म्स', म्हणजे टर्म भरण्याची मुभा, असे आहेत. ही टर्म आली इंग्लंडहून. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या विद्यापीठांत आणि लंडनच्या कायदेसंस्थांत विद्यार्थ्याने ठरावीक काळ तेथे राहावे, सर्वांसमवेत जेवावे, म्हणजे त्याची टर्म भरली असे मानीत. अभ्यासाइतकेच सहवासाला महत्त्व होते. आपल्याकडे येईपर्यंत त्यातला सहवास गळाला आणि हजेरीपट उरला.

पालि विनयाच्या अभ्यासकाला हे वाचताना वर्षावास आठवल्यावाचून राहणार नाही. भिक्षूची ज्येष्ठता त्याच्या वयावरून ठरत नाही, विद्वत्तेवरून तर नाहीच. त्याने किती 'वस्स' पूर्ण केले यावरून ठरते. पावसाचे तीन महिने एका ठिकाणी राहावयाचे, हा नियम. महावग्गातील वर्षावासाच्या प्रकरणात या नियमाइतकीच जागा त्याच्या सवलतींना दिली आहे, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. आषाढी पौर्णिमेनंतर प्रवेश करता आला नाही, तर एक महिन्याने दुसरा प्रवेश आहे. निकडीचे काम निघाले तर सात दिवसांच्या आत परतण्याच्या बोलीने जाता येते; यास 'सत्ताहकरणीय' म्हणतात. आई किंवा वडील आजारी असल्याचे कळले तर बोलावणे येण्याचीही वाट पाहावी लागत नाही. हिंस्र श्वापदे, चोर, आग, पूर यांमुळे आवास सोडावा लागला तर दोष लागत नाही. नियम करणाऱ्याला माणसाच्या घरचे हाल ठाऊक होते.

प्रवेशाच्या अटींचेही तसेच. उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला विचारावयाचे प्रश्न ठरलेले आहेत : अमुक रोग आहेत काय, ऋण आहे काय, राजाच्या चाकरीत आहेस काय, मातापित्यांची अनुज्ञा आहे काय, वीस वर्षे पुरी झाली काय, पात्र-चीवर आहे काय. जात विचारलेली नाही. दासाला व ऋणकोला मज्जाव होता, हे मात्र लपविण्याचे कारण नाही. वयाची अट का आली तेही सांगितले आहे. उपालि नावाच्या मुलाला व त्याच्या सोबत्यांना अल्पवयात उपसंपदा दिली गेली आणि ती मुले पहाटे उठून खाण्यासाठी रडू लागली, तेव्हा वीस वर्षांचा दंडक झाला. पुढे कुमारकस्सपाची उपसंपदा या दंडकावर अडली, तेव्हा वय गर्भधारणेपासून मोजण्यास भगवंतांनी अनुमती दिली. नियम राहिला, माणूसही राहिला.

आता वऱ्हाडाकडे वळू. १९२३ पूर्वी या प्रांतात पदवीचे महाविद्यालय नव्हते. मुलाने नागपूर गाठावे, किंवा पुणे-मुंबईला जावे. नागपूरची महाविद्यालये आधी कलकत्ता व पुढे अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली. म्हणजे दर्यापूर-बाळापूरकडच्या मुलाने कोणते विषय घ्यावेत, किती टर्म भराव्यात, हे गंगेकाठी ठरत असे. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी अमरावतीला किंग एडवर्ड महाविद्यालय निघाले, तेच पुढे विदर्भ महाविद्यालय झाले. अकोल्याचे श्री शिवाजी महाविद्यालय १९५४ चे. चार जिल्ह्यांचे स्वतंत्र अमरावती विद्यापीठ व्हावयास १ मे १९८३ उजाडला. २००५ मध्ये त्याला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. ज्यांना शाळेचा लाभ झाला नाही अशा पुरुषाचे नाव आज पदवीच्या कागदावर आहे, हा वऱ्हाडाच्या इतिहासातील एक गोड योग म्हणावा लागेल.

महाविद्यालय जवळ आले म्हणून दार उघडले असे नाही. १९२७ हे वर्ष या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी मुंबई विधिमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर बोलताना बाबासाहेबांनी परीक्षेचा प्रश्न उपस्थित केला. परीक्षा आणि शिक्षण या भिन्न गोष्टी आहेत, दर्जा वाढविण्याच्या नावाखाली परीक्षा इतकी बिकट केली जाते की मागासलेले समाज दाराबाहेरच राहतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते अमरावतीला वऱ्हाड प्रांतिक परिषदेच्या अध्यक्षस्थानी होते. प्रश्न अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा होता. वडील बंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता त्यांना तेथेच मिळाली. मंदिराचे दार आणि विद्यापीठाचे दार यांचा विचार ते एकाच वर्षी करीत होते, हे चरित्रकारांनी जोडून दाखविले असते तर बरे झाले असते.

नियमांची झळ बाबासाहेबांनी स्वतः सोसली होती. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे दाखल झाले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालविण्याची परवानगी दिली. १९२० मध्ये ते परतले, एम.एस्सी. १९२१, बॅरिस्टरी १९२२, डी.एस्सी. १९२३. ती परवानगी म्हणजे लंडन विद्यापीठाचे सत्ताहकरणीयच होय, फक्त सात दिवसांऐवजी चार वर्षांचे.

पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांच्या प्रयत्नाने १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. वऱ्हाडातील पदवीधरांची पहिली मोठी पिढी तिच्यावर उभी राहिली. मग १४ ऑक्टोबर १९५६ आला. प्रवेश-अर्जातील धर्माच्या रकान्यात ज्या विद्यार्थ्याने 'बौद्ध' लिहिले, तो १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा उरला नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याने सवलती दिल्या. केंद्राच्या पातळीवर ही दुरुस्ती १९९० मध्ये झाली. चौतीस वर्षे एका रकान्यात खरे लिहिण्याची किंमत होती. त्या काळातील किती घरांत 'अर्जात काय लिहावे' यावर रात्री जागल्या असतील, त्याची नोंद विद्यापीठाच्या दप्तरात सापडावयाची नाही.

आज नियम पुन्हा बदलले आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अन्वये महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून श्रेयांकांची रचना आली. पहिल्या वर्षाअखेर बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. मिळविलेले श्रेयांक पेढीत ठेवावेत तसे सात वर्षांपर्यंत जमा राहतात. अर्धवट सुटलेला अभ्यास पुन्हा हाती घेता यावा ही त्यातील सोय आम्हांस मनापासून मान्य आहे. प्रमाणपत्र घेऊन गेलेला मुलगा परत येईल की तेवढ्यावरच त्याची बोळवण होईल, ही शंका मात्र आहेच. आणि ती गरिबाच्या मुलाविषयीच येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. परंतु भाषेचा पर्याय छापील यादीत असणे वेगळे आणि तालुक्याच्या महाविद्यालयात शिकविणारा असणे वेगळे.

हजेरीची पंचाहत्तर टक्क्यांची अट जुनीच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दंडकाप्रमाणे सत्रात नव्वद दिवस अध्यापन व्हावे. नव्वद दिवस म्हणजे तीन महिने; वर्षावासाचाही काळ तेवढाच. त्यातील चतुर्थांश म्हणजे बावीस दिवस गैरहजेरी चालते. आपल्याकडे पहिल्या सत्रात सोयाबीनची सोंगणी येते आणि तिच्या पाठोपाठ कापसाची वेचणी. मजुरी परवडत नाही म्हणून घरची माणसेच शेतात उतरतात आणि तेल्हारा-अंजनगावकडची मुलगी एस.टी.चा पास खिशात ठेवून वेचायला जाते. आजारपणाचा दाखला जोडला तर गैरहजेरी क्षमापित होऊ शकते. वेचणीचा दाखला कोणी देत नाही. म्हणून ती मुलगी आजारी नसताना आजारी पडते. नवे श्रेयांक तिला सात वर्षे थांबू देतात, पण हे सत्र न सोडता वेचणीचे तीन-चार आठवडे घरी राहण्याची सोय त्यांत नाही. अभ्यासमंडळांवरील आपल्या लोकांनी पुढच्या अधिसूचनेपूर्वी महावग्गाचे ते प्रकरण एकदा काढून पाहावे.