सरावाचा बाण : धनुर्वेदातील एका संज्ञेचा विचार

प्राचीन भारतीय धनुर्विद्येविषयी लिहिणाऱ्यांचे लक्ष बहुधा दिव्यास्त्रांकडे, नाही तर महाकाव्यांतील वीरांच्या पराक्रमाकडे गेलेले दिसते. धनुर्धर ज्या दिवशी रणांगणावर नसतो आणि मृगयेसही गेलेला नसतो, त्या दिवशी तो कोणता बाण हाती घेतो व तोच का घेतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक या प्रश्नाचे उत्तर संस्कृत ग्रंथांत दिलेले आहे, आणि ज्या संज्ञेत ते साठविलेले आहे ती भाषेच्या अभ्यासकासही विचार करावयास लावणारी आहे. प्रस्तुत टिपणात त्या संज्ञेचा अर्थ निश्चित करण्याचा प्रयत्न केला आहे.

या विवेचनाचा मुख्य आधार म्हणजे इ. स. १३६३ मध्ये संकलित झालेली ‘शार्ङ्गधरपद्धति’. पीटर पीटर्सन यांनी संपादिलेली तिची आवृत्ती १८८८ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाली. हा ग्रंथ मूलतः सुभाषितांचा संग्रह असला तरी त्यात धनुर्वेदावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यातील बरीच वचने वसिष्ठाच्या नावावर असलेल्या धनुर्वेदसंहितेतही आढळतात. प्रकरणाची भाषा अलंकारहीन व कामापुरती आहे. शिष्यास समोर बसवून गुरूने सांगावे, तसे हे सांगणे आहे.

प्रथम कालाचा विचार करू. विद्या साध्य झाल्यावर वर्षाऋतूत धनुष्य हाती धरू नये, आणि पूर्वी केलेल्या अभ्यासाचे विस्मरण होऊ नये म्हणून दरवर्षी शरद्ऋतूत दोन मास सराव करावा, असा तेथे स्पष्ट विधी आहे. पावसाळ्यातील निषेधाचे कारण तर्काने सांगता येण्याजोगे आहे. ओलाव्याने वेत व बोरू वाकतात, पिसे भिजतात, आणि शिंगाच्या धनुष्यातील सरस सैल पडतो. आश्विनातील नवमीस देवी, गुरू, शस्त्रे व अश्व यांचे पूजन करावे, असेही हा ग्रंथ सांगतो. आपल्याकडील खंडेनवमीचे शस्त्रपूजन आणि दसऱ्यानंतर स्वारीस निघण्याची मराठ्यांची वहिवाट ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या कालक्रमाची संगती सहज लागेल. शरदातील सराव हा विश्रांतीचा काळ आणि स्वारी-शिकारीचा काळ यांच्या सांध्यावर येतो. या सरावास ग्रंथात ‘श्रम’ हा पारिभाषिक शब्द आहे. मराठीत त्याचा केवळ ‘कष्ट’ एवढाच अर्थ उरला असल्याने आजच्या वाचकाची येथे दिशाभूल होण्याचा संभव आहे.

आता बाणाकडे वळू. ‘शर’ हे मुळात एका तृणाचे नाव आहे आणि त्यावरूनच ते बाणाचे नाव झाले. ‘काण्ड’ या शब्दाचीही हीच कथा आहे. उसाच्या दोन पेरांमधील भागास आपण आजही कांडे म्हणतो. म्हणजे बाणाची निवड ही प्रथम गवताची निवड होती. फार जाड किंवा फार बारीक, निकृष्ट भूमीत उगवलेले, पेरे अपुरी राहिलेले, चिरलेले असे कांडे टाकून द्यावे. पूर्ण पेरांचे, चांगले पिकलेले, फिकट पिवळसर, योग्य समयी कापलेले, कठीण व वाटोळे असे घ्यावे, असे ग्रंथ सांगतो. त्याची लांबी दोन हातांहून एक मूठ कमी आणि जाडी करंगळीएवढी असावी. प्रत्येक बाणास सहा अंगुळे लांबीची चार पिसे लावावीत, असेही प्रमाण दिले आहे.

यानंतर बाणांचे तीन वर्ग येतात. पुढील बाजूस जाड असेल तो स्त्री, मागील बाजूस जाड असेल तो पुरुष आणि सर्वत्र सारखा असेल तो नपुंसक. स्त्रीबाण दूर जातो, पुरुषबाण खोल भेद करतो, आणि नपुंसक बाण लक्ष्यासाठी, म्हणजे नेम साधण्याच्या सरावासाठी प्रशस्त होय, असा या वचनांचा आशय आहे. बोरू बुडाशी जाड व शेंड्याकडे निमुळता असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या विभागणीचे मूळ उलगडते. एकच कांडे बुडखा पुढे करून वापरल्यास स्त्री होईल व शेंडा पुढे केल्यास पुरुष होईल. समप्रमाण कांडे मात्र उलटसुलट करून मिळत नाही. ते पुष्कळांतून निवडून अथवा तासूनच काढावे लागते. तेव्हा सरावाचा बाण म्हणजे उरलासुरला, टाकाऊ बाण नव्हे. तिन्हींत अधिक निवड त्यासच लागत असली पाहिजे.

‘नपुंसक’ हा शब्द येथे हीनतावाचक आहे काय? तसा समज होणे स्वाभाविक आहे, परंतु तो ग्राह्य धरता येत नाही, कारण ग्रंथकार त्याच बाणाची प्रशंसा करीत आहे. शिवाय शर, बाण, मार्गण हे सर्व शब्द पुल्लिंगी असल्याने या विभागणीचा शब्दांच्या लिंगाशीही प्रत्यक्ष संबंध नाही. माझ्या मते येथे व्याकरणातील एक दृष्टी शस्त्रविद्येत आलेली आहे. जेथे विशिष्ट लिंग सांगावयाचे नसते, केवळ सामान्य अर्थ अभिप्रेत असतो, तेथे नपुंसकलिंग योजावे, असा वैयाकरणांचा संकेत आहे. त्याच न्यायाने ज्या बाणास दूर जाण्याची अथवा खोल रुतण्याची स्वतःची ओढ नाही, तो नपुंसक. अशा बाणाचा नेम चुकला तर दोष बाणावर ढकलता येत नाही. मूठ, दृष्टी वा सोडणे यांपैकी काहीतरी चुकले, हे शिष्यास मान्य करावे लागते. दिवसाच्या सरावात चारशे बाण सोडील तो उत्तम धनुर्धर, तीनशे सोडील तो मध्यम आणि दोनशे सोडील तो कनिष्ठ, असे ग्रंथात म्हटले आहे. इतके बाण एकासारखे एक असल्याखेरीज त्या श्रमातून काही शिकता येणे कठीणच.

याच प्रश्नाचे वेगळे उत्तर सोळाव्या शतकातील इंग्लंडमध्ये सापडते. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत १५४१ मध्ये झालेल्या कायद्याने चोवीस वर्षांवरील पुरुषांस २२० यार्ड वा त्याहून कमी अंतरावरील लक्ष्यावर हलके सरावी बाण सोडण्याची मनाई करण्यात आली. चोवीस वर्षांखालील तरुणांनी एकाच स्थिर खुणेवर नेम न धरता दर वेळी खूण बदलावी, असेही ठरविले गेले. या नियमांमागील हेतू उघड आहे. हलका बाण जवळच्या खुणेवर सोडण्यात कौशल्य दिसते, पण युद्धात लागणारे बळ त्याने अंगी राहत नाही. पुढे १५४५ मध्ये रॉजर ॲस्कम याने आपल्या ‘टॉक्सोफिलस’ या इंग्रजी ग्रंथात बाणासाठी पंधरा प्रकारच्या लाकडांची चर्चा केली. युद्धाच्या बाणांसाठी त्या काळी रूढ असलेल्या हलक्या लाकडापेक्षा ॲश वृक्षाचे लाकूड त्याने अधिक पसंत केले, तेही याच चिंतेतून.

येथे दोन तत्त्वे समोरासमोर उभी राहतात. शार्ङ्गधराच्या मते सरावाचा बाण निर्गुण असावा. इंग्रजी कायद्याच्या मते तो प्रत्यक्ष कामाच्या बाणासारखा असावा. आजचे अमेरिकेतील धनुर्धारी शिकारी दुसऱ्या तत्त्वास अनुसरतात. शिकारीचा हंगाम बंद असताना ते पात्याच्या फाळाऐवजी साधे टोक लावतात, परंतु त्याचे वजन फाळाइतकेच, उदाहरणार्थ १०० ग्रेन म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम, ठेवतात. हंगाम जवळ आला की प्रत्यक्ष फाळ लावूनही बाण पारखून घेतात, कारण रुंद पात्यांवर वाऱ्याचा परिणाम निराळा होतो.

तथापि हा विरोध वरवरचा आहे. धनुर्वेदात लक्ष्याचे चार प्रकार सांगितले आहेत : स्थिर, चल, धनुर्धर हलतो व लक्ष्य स्थिर असते ते चलाचल, आणि दोन्ही हलतात ते द्वयचल. मृगयेत बहुधा शेवटच्या प्रकाराशी गाठ पडते. स्थिर लक्ष्यावरचा सराव आपला दोष ओळखण्यासाठी असतो. चल लक्ष्यावरचा सराव प्रसंगास तोंड देण्यासाठी असतो. पहिल्यास सम बाण हवा, दुसऱ्यास प्रसंगाचाच बाण हवा. इंग्रजी कायद्यापुढे प्रश्न होता तो शिकलेल्यांचे बळ टिकविण्याचा. आपल्या ग्रंथकारापुढे होता तो शिष्याचा हात घडविण्याचा आणि वर्षानुवर्षे तो बिघडू न देण्याचा. प्रश्न भिन्न, म्हणून उत्तरे भिन्न.

या चर्चेवरून एक गोष्ट सुचवावीशी वाटते. शास्त्रग्रंथांतील पारिभाषिक शब्दांचे भाषांतर करताना त्यांचा व्यवहारातील अर्थ गृहीत धरणे धोक्याचे असते. ‘नपुंसक’ बाण म्हणजे निर्बल बाण, असे भाषांतर केले तर एका सूक्ष्म निरीक्षणाची हानी होते, आणि ज्या बाणावर सर्वाधिक परिश्रम घेतले जात तोच दुय्यम ठरतो. ‘श्रम’ शब्दाचीही तीच गत होईल. उलट मराठीने या परंपरेतील एक जोड अजून सांभाळली आहे. संस्कृत ‘नियम’ या शब्दापासून आलेला आपला ‘नेम’ हा शब्द लक्ष्यवेधासही लागतो आणि रोज न चुकता करावयाच्या आचरणासही लागतो. शरदातील दोन मासांचा सराव सांगणाऱ्या ग्रंथकारास हे दोन अर्थ वेगळे वाटले नसते.