सव्वा महिन्यानंतरचे सहजीवन

बाळंतपणानंतर पतिपत्नींनी शरीरसंबंध पुन्हा केव्हा सुरू करावेत, या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरीव उत्तर आहे : सव्वा महिन्यानंतर. हे उत्तर अगदीच निराधार नाही. गर्भाशयात वारेच्या जागी झालेली जखम भरून येण्यास, गर्भाशय आकसण्यास आणि अंगावरून जाणे थांबण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर समागम केल्यास जंतुसंसर्गाची भीती असते. मात्र सव्वा महिना ही किमान सवड आहे. त्या दिवशी स्त्रीचे शरीर व मन आपोआप सिद्ध होते, असा तिचा अर्थ नाही.

पिंपरी-चिंचवड व चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथील कारखान्यांत मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेले असंख्य कामगार आहेत, आणि पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अद्याप टिकून आहे. पत्नी लातूर वा बुलढाण्याकडे, पती भोसरी वा चाकणमध्ये, असे काही महिने जातात. ती परतते ती एक-दोन खोल्यांच्या घरात, जेथे बाळाला घ्यायला आई नसते, सासूही बहुधा गावीच असते. पतीची पाळी दर आठवड्याला बदलते. दीर्घ विरहानंतरची त्याची अपेक्षा आणि तिची रात्रीची जागरणे यांची गाठ येथे पडते.

या काळात स्त्रीची कामेच्छा मंदावणे हा रुसवा नव्हे आणि प्रेम आटल्याचे लक्षणही नव्हे. अंगावर पाजणाऱ्या मातेच्या शरीरात इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण कमी असते. त्यामुळे योनिमार्ग कोरडा व नाजूक राहतो आणि संबंध वेदनादायक होऊ शकतो. औषधांच्या दुकानात मिळणारी पाण्यावर आधारित जेली येथे उपयोगी पडते. खोबरेल तेल निरोधासोबत वापरू नये. तेलाने रबर कमकुवत होऊन फाटते. प्रसूतीच्या वेळी छेद देऊन टाके घातले असतील, तर ती जागा काही महिने दुखरी राहू शकते. सिझेरियन झालेल्या स्त्रीला योनिमार्गाचे टाके नसले, तरी पोटावरील जखमेला ताण सोसत नाही. दुखत असताना सोसत राहिल्यास पुढील वेळी भीतीनेच स्नायू आखडतात व वेदना वाढते. म्हणून दुखले तर थांबावे आणि पतीने ते निमूटपणे मान्य करावे. जवळीक म्हणजे केवळ समागम नव्हे. रात्रपाळीहून आल्यावर तासभर बाळाला सांभाळून पत्नीला झोपू देणे, हीदेखील जवळीकच होय.

सर्वांत घातक गैरसमज संततिनियमनाविषयी आहे. ‘पाळी आलेली नाही, म्हणजे दिवस राहणार नाहीत’ असे मानले जाते. वस्तुतः स्त्रीबीज पाळीच्या आधी बाहेर पडते. त्यामुळे पहिली पाळी येण्यापूर्वीच गर्भ राहू शकतो. बाळ वरच्या दुधावर असेल, तर हा धोका चौथ्या आठवड्यापासूनच संभवतो. स्तनपानाने संरक्षण मिळते, पण तीन अटींवर : बाळ सहा महिन्यांहून लहान असावे, पाळी सुरू झालेली नसावी आणि बाळाला रात्रंदिवस केवळ अंगावरचेच दूध मिळत असावे. आई कामावर जाऊ लागली किंवा बाळाला वरचे दूध सुरू झाले, की हा भरवसा उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रसूतीनंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिने जाऊ द्यावेत.

पाळणा लांबविण्याचे उपाय आज सहज उपलब्ध आहेत. तांबी प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत किंवा सहा आठवड्यांनंतर बसविता येते. ‘अंतरा’ हे तीन महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन अंगावर पाजणाऱ्या मातेला सहा आठवड्यांनंतर देतात. ‘छाया’ या संप्रेरकविरहित गोळ्याही तिला चालतात. नेहमीच्या मिश्र संप्रेरकांच्या गोळ्या मात्र पाजणाऱ्या मातेने पहिले सहा महिने टाळाव्यात. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. त्याला शतक लोटत आले तरी दवाखान्यात हा विषय काढताना जोडपी संकोचतात, हे नवलच.

विचारणा करण्यास जागा दूर नाहीत. महापालिकेचे पिंपरीतील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, विमाधारक कामगारांच्या कुटुंबांसाठी चिंचवडच्या मोहननगरचे राज्य कामगार विमा रुग्णालय आणि चाकणचे ग्रामीण रुग्णालय ही त्यांपैकी काही. सहाव्या आठवड्याची तपासणी माहेरी झाली असेल, तर तेथील कागद सोबत आणावेत. शक्य तर पतीनेही बरोबर जावे. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, पुन्हा सुरू झालेला जास्त रक्तस्राव किंवा न शमणारी वेदना असल्यास तपासणीच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासपणा, रडू येणे, बाळाविषयीही ओढ न वाटणे असे होत असल्यास तो प्रसूतिपश्चात नैराश्याचा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. ‘टेलीमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो.