वाद, जल्प आणि वितंडा
न्यायदर्शनाने मानलेले कथेचे, म्हणजे दोन पक्षांत चालणाऱ्या शास्त्रीय चर्चेचे, तीन प्रकार. अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांतील सोळा पदार्थांत त्यांची गणना आहे. प्रमाण, संशय आणि निर्णय यांच्या पंक्तीला चर्चेचे प्रकारही बसवावेत, ही या दर्शनाची मोठी दृष्टी होय. एक म्हणतो आत्मा आहे, दुसरा म्हणतो नाही. अशा परस्परविरुद्ध मतांना न्यायसूत्रे विप्रतिपत्ती म्हणतात आणि तिला संशयाचे एक कारण मानतात. संशयातून विचार सुरू होतो आणि दोन्ही पक्ष तपासून निर्णयाशी पोहोचतो. म्हणून मतभेद हा येथे ज्ञानातला अडथळा ठरत नाही. विचाराला जाग त्यानेच येते.

वादाचा हेतू तत्त्वनिर्णय. तो गुरू, शिष्य, सहाध्यायी अशा मत्सर नसलेल्या माणसांशी करावा, असे सूत्रकार सांगतात. प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे आपला पक्ष मांडायचा व समोरचा खोडायचा; प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन हे अनुमानाचे पाचही अवयव पाळायचे. पराभवाची म्हणून २२ निग्रहस्थाने सांगितली आहेत, पण वादात त्यांतली मोजकीच दाखवता येतात. हेत्वाभास, म्हणजे सदोष हेतू, दाखवावा, कारण तो राहिला तर निर्णयच चुकेल; प्रतिपक्षी क्षणभर निरुत्तर झाला, एवढ्यावरून मात्र त्याला हरवता येत नाही. वादाचे खरे मोठेपण या सवलतीत आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानातही वैद्यांसाठी संधाय (सलोख्याची) आणि विगृह्य (विरोधाची) अशा दोन संभाषा, म्हणजे चर्चा, सांगितल्या आहेत. पहिलीत पराभवाची भीती बाळगू नये आणि दुसऱ्याला निरुत्तर करून हर्षही मानू नये, असा उपदेश आहे.

जल्पात जय हाच हेतू असतो. छल (शब्दांचा विपर्यास), जाती (फसवी प्रत्युत्तरे) आणि सर्व निग्रहस्थाने तेथे चालतात. जल्पातून स्वपक्षाची स्थापना वगळली की वितंडा. या दोहोंना सूत्रकारांनी दिलेली जागा कुंपणाची आहे: कोवळ्या अंकुराभोवती काटेरी फांद्या लावाव्यात, तसे तत्त्वनिश्चयाचे रक्षण करण्यापुरते ते वापरावेत.

वितंडेविषयी मात्र दार्शनिकांचे एकमत नाही. परपक्षाचा निषेध हाच वैतंडिकाचा पक्ष होतो, असे भाष्यकार वात्स्यायन म्हणतो. उलट, आपली कोणतीच प्रतिज्ञा नाही, अशी भूमिका माध्यमिक बौद्ध नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त घेतली होती. पुढे बाराव्या शतकात श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्य’ या ग्रंथात नैयायिकांच्या व्याख्या एकेक करून खोडल्या. चर्चेला बसण्यासाठी प्रमाणांची सत्ता आधी मान्य केलीच पाहिजे, ही नैयायिकांची अटही त्याने नाकारली. व्याख्या अधिक काटेकोर करण्याकडे नव्यन्यायाचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या नंतरच्या परंपरेचा, जो कल दिसतो, त्यामागे अशा आक्षेपांचा दाब होता. मराठीत ‘वितंडवाद’ हा शब्द केवळ दूषण म्हणून उरला असला, तरी श्रीहर्षाच्या वितंडेला ते दूषण लावणे अन्यायाचे आहे.

या संज्ञांच्या शास्त्रीय व्याख्यांसाठी भीमाचार्य झळकीकर यांचा संस्कृत ‘न्यायकोश’ आजही उपयोगी पडतो. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली त्याची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९२८ मध्ये प्रसिद्ध केली.